तिला खेळायला घेत नाहीत. मध्ये पडू की नको?

जाईचा_मांडव | सोमवार, रात्री १०:५०

बरेच दिवस नुसतीच वाचक आहे, धागा पहिल्यांदा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही जूनमध्ये सांगलीहून पुण्याला आलो. नवऱ्याची बदली. लेक आठ वर्षांची, तिसरीत. शाळेत बरं चाललंय, बाकावर शेजारी बसणारी एक आहे, तिच्याशी डबा वाटून खाते. प्रश्न सोसायटीतला आहे. आमच्या तीन इमारतींच्या मध्ये थोडी मोकळी जागा आहे, तिथे सहा वाजता पोरं उतरतात. लेकीच्या वयाच्या तिघीच मुली, आणि त्या तिघी बालवाडीपासून एकत्र. पहिले पंधरा दिवस हिला घेतलं. नव्याची नवलाई असावी. मग एक दिवस ही वर आली आणि म्हणाली, "त्यांचा क्लब आहे, पासवर्ड लागतो." मी म्हटलं, मग विचार की पासवर्ड. तर म्हणे, "विचारला. रोज बदलतो."

आता ती पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसते आणि बघत राहते. मला आमच्या गॅलरीतून दिसते. साडेसहाला वर येते आणि सांगते, पाय दुखतोय. मध्ये एकदा स्केचपेनची नवी पेटी खाली नेली आणि येताना रिकाम्या हाताने आली. त्या दिवशी तिला खेळायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी परत पासवर्ड. परवा माझ्याकडे पाच-पाच रुपयांची तीन चॉकलेटं मागितली. तीनच. स्वतःसाठी नाही. तेव्हा मात्र माझ्या पोटात तुटलं.

नवरा म्हणतो सोड, होईल आपोआप. सासूबाई म्हणतात, पोरीला खाली पाठवूच नकोस, वर ये म्हणावं आणि माझ्याशी पत्ते खेळ. त्या तिघींपैकी एकीची आई मला रोज लिफ्टमध्ये भेटते, हसते. तिच्याशी बोलू का? की मुलांच्या भानगडीत मोठ्यांनी पडू नये?

टेकडीवरचा | सोमवार, रात्री ११:०४

पडू नका. पोरं दोन दिवसांत एक होतात, आया दोन वर्षं बोलत नाहीत. आमच्या सोसायटीत एका सायकलच्या घंटीवरून सुरू झालेलं भांडण थेट वार्षिक सभेत पार्किंगच्या ठरावापर्यंत पोचलं होतं. घंटी वाजवणारा पोरगा आता इंजिनिअरिंगला आहे. पार्किंगचं अजून मिटलेलं नाही.

उचापती | सोमवार, रात्री ११:११

रोज बदलणारा पासवर्ड! आमच्या बँकेच्या लोकांना त्या मुलींकडे शिकायला पाठवा.

(हलके घ्या हो ताई. मुलीसाठी वाईट वाटलं खरंच.)

कोकमसरबत | सोमवार, रात्री ११:३०

मी पडले होते मध्ये, म्हणून सांगते. मुलगा तेव्हा दुसरीत. क्रिकेटला घेत नव्हते, घेतलं तर फक्त चेंडू आणायला पळवायचे. मी त्यातल्या म्होरक्याच्या आईला फोन केला. अगदी गोड बोलून. तीही गोड बोलली. दुसऱ्या दिवशी मुलाला घेतलं, बॅटिंगसुद्धा दिली. आणि प्रत्येक चेंडूला सगळे ओरडत होते, "हळू टाक रे, नाहीतर याची आई फोन करेल!" ते "फोन, फोन" पुढे दोन वर्षं चाललं. शाळेच्या बसमध्येही पोचलं. त्याने मला तेव्हा काही सांगितलं नाही, सातवीत गेल्यावर एकदा हसत हसत सांगितलं. मी हसले नाही.

म्हणून माझं मत: आईशी ओळख जरूर करा, पण तक्रार म्हणून पहिलं वाक्य जाऊ देऊ नका.

नातवंडांची_गुलाम | मंगळवार, सकाळी ६:१५

आजकाल सगळ्याचाच प्रश्न होतो बाई. आम्ही वाड्यात राहायचो. पंचवीस-तीस मुलं. डबा ऐसपैस, लगोरी, विषामृत, साखळी. कोण कुणाचं, कुठल्या इयत्तेतलं, कोणी विचारायचं नाही. सगळे एकत्र. दिवेलागणीला हाका आल्या की घरी. भांडण झालं तर करंगळी दाखवून कट्टी आणि रात्री गच्चीवर परत बट्टी. आईला सांगायला गेलं तर आईच म्हणायची, तूच काहीतरी केलं असशील! तिघींचा क्लब वगैरे नव्हतंच. मुलं कमी झाली, घरं बंद झाली, त्याचे हे परिणाम.

निळी_छत्री | मंगळवार, सकाळी ९:४०

शाळेत समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे असे पासवर्ड आठवड्याला दोन-तीन ऐकते. थोडं लांबेल.

आधी एक: तिसरी-चौथीत हे फार होतं. पाच वर्षांच्या मुलाला मित्र म्हणजे आत्ता शेजारी बसून खेळतोय तो. आठव्या-नवव्या वर्षी "माझी" मैत्रीण हा प्रकार सुरू होतो. आणि माझी म्हटली की कोणीतरी बाहेरची लागतेच, नाहीतर आतली कोण हे कळणार कसं? त्या तिघी दुष्ट नाहीत. पण त्या जे करताहेत ते "लहान आहेत, चालायचंच" असंही नाही. मारामारी दिसते म्हणून आपण ती थांबवतो. गटातून बाहेर काढणं, बोलणं तोडणं, हे दिसत नाही. क्रिक आणि ग्रोटपीटर या दोघींनी १९९५ मध्ये तिसरी ते सहावीच्या मुलामुलींवर केलेला अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असतो. नात्यालाच हत्यार करून दुखवणं हीसुद्धा आक्रमकताच आहे, हे त्यांनी मांडलं.

दुसरं, तुमच्या कामाचं. खेळत असलेल्या गटात नवं मूल शिरतं कसं, यावर पुटालाझ आणि गॉटमन यांचा १९८१ चा अभ्यास आहे, तोही दुसरी-तिसरीच्या मुलांवरच. ज्या मुलांना गट सहज आत घेतो ती आधी बघतात काय चाललंय, मग त्या खेळातच बसेल असं काहीतरी करतात किंवा बोलतात. ज्यांना ढकललं जातं ती मुलं बऱ्याचदा स्वतःबद्दल बोलायला लागतात, जे चाललंय त्याला हरकत घेतात, लक्ष आपल्याकडे ओढायला बघतात. आणि हेही सांगते, सगळ्यांना आवडणाऱ्या मुलांनाही कधीकधी नकार मिळतोच. फरक इतकाच की ती थोड्या वेळाने दुसऱ्या वाटेने येतात.

"मी पण खेळू का?" हा प्रश्नच मुलीला विचारू देऊ नका. या प्रश्नाचं उत्तर "नाही" असू शकतं, आणि ते देण्यात मजा असते. त्यापेक्षा चेंडू लांब गेला तर आणून द्यावा आणि तिथेच उभं राहावं. घर-घर चाललं असेल तर "कुरिअर आलंय" म्हणावं. कुरिअरवाल्याला पासवर्ड विचारत नाहीत.

चॉकलेटं मात्र देऊ नका. रागवून नव्हे, नुसतं "आज नाही" म्हणा.

तिसरं: ती पायरीवर बसून नुसती खिन्न असते की बघत असते, हे गॅलरीतून ओळखता येतं का बघा. आणि शक्य असेल तर गॅलरीतून बघणं थोडं कमी करा. :)

उचापती | मंगळवार, सकाळी १०:०२

"कुरिअर आलंय" हे वाक्य मी ऑफिसातल्या मीटिंगांत शिरायला वापरणार आहे.

मधली_सुट्टी | मंगळवार, दुपारी १:२०

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दोन शिक्षक, चार इयत्ता, पट एकोणीस. आमच्याकडे क्लब करायला माणसंच कमी. तिसरीत मुली दोनच. त्यांचं बिनसलं तर जायचं कुठे? बिनसतंही, मग एक पहिलीच्या पोरांची बाई होते आणि दुसरी चौथीच्या पोरांत कबड्डीला जाते. दोन-तीन दिवसांनी पोषण आहाराच्या पंगतीत ताटं आपोआप शेजारी येतात. मी फक्त पंगत कशी बसते ते बघतो. कोण कुणाशेजारून उठला, कोण रोज टोकाला बसतो. वर्गात कळत नाही ते पंगतीत कळतं.

आणि एक गोष्ट लिहायची होती. आपल्याकडे लिंबूटिंबू नावाची काय सुंदर सोय आहे! पोर लहान आहे, पळता येत नाही, नियम कळत नाहीत, पण खेळायचंय. मग त्याला घ्यायचं, बाद झालं तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य नाही. हे कोणा शिक्षकाने शिकवलेलं नाही, पोरांनीच पोरांना शिकवलं. मागच्या वर्षी ऊसतोडीला गेलेल्या घरातलं एक पोर मधेच परत आलं. चार महिने बाहेर होतं. आमच्या पोरांनी त्याला दोन दिवस लिंबूटिंबू ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी त्यानेच भांडण काढलं, "माझ्यावर पण राज्य द्या." दिलं. मला काही करावं लागलं नाही.

तर्रीवाला | मंगळवार, दुपारी १:४१

गुरुजी, एक नंबर. लहानपणी मी इतका काळ लिंबूटिंबू होतो की मला वाटायचं ते माझं आडनाव आहे.

कोकमसरबत | मंगळवार, दुपारी १:५५

आमच्याकडे दूधभात म्हणायचे. "हिला दूधभात घ्या रे!" धाकटी बहीण सोबत न्यावीच लागायची, मग ती कायम दूधभात.

टेकडीवरचा | मंगळवार, दुपारी २:१०

आमच्याकडे कच्चा लिंबू. आणि "टॅम्प्लीज" कोणाला आठवतंय? मोठा झाल्यावर कळलं की ते टाइम प्लीज होतं. मी तोवर ती एखादी देवी समजत होतो, संकटात नाव घेतलं की राज्य टळतं.

ओसरी | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

धागा मजेत चाललाय, त्यात मिठाचा खडा टाकायचा नाहीये. पण नातवंडांची गुलाम काकूंचं "सगळे एकत्र, कोणी विचारायचं नाही" वाचून बोटं थांबेनात.

मीही तीस मुलांत खेळलो. लगोरीत माझा नेम गावात पहिला, त्यामुळे गडी निवडताना मला आधी घ्यायचे. खेळून घसा कोरडा पडला की सगळे मित्राच्या घरी पाणी प्यायला जायचे. बाकीचे आत, माठापाशी. मी ओसरीच्या खाली. मित्राची आई वरून ओंजळीत ओतायची. वाईट बाई नव्हती, खाऊही द्यायची, तोही वरूनच. मित्राच्या लक्षात आलं नाही असं मला वाटायचं. तो चौथीत असताना एक दिवस माझ्याबरोबर ओसरीखाली येऊन ओंजळ धरून उभा राहिला. त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. आमची दोस्ती आजही आहे.

तेव्हाही पासवर्ड होता काकू. फक्त तो आम्हाला जन्मतःच माहीत असायचा, की आपल्याकडे तो नाही.

नातवंडांची_गुलाम | बुधवार, सकाळी ६:०५

ओसरी, तुमचं लिहिलेलं रात्री वाचलं. आमच्या वाड्यात कोण कोण राहत होतं ते आठवत बसले. आणि वाड्याच्या मागच्या दारी बोळात काही मुलं उभी असायची, तीही आठवली. खेळ बघत. आम्ही त्यांना कधी बोलावलं नाही. मी "सगळे" लिहिताना ती मुलं माझ्या डोक्यात नव्हती. बाकी काही लिहीत नाही.

ओसरी | बुधवार, सकाळी ८:१२

काकू, हे लिहिलंत तेच पुष्कळ झालं. आता धागालेखिकेच्या प्रश्नाकडे जाऊ या.

ऱ्हाईनकाठ | बुधवार, दुपारी ३:००

इथे जर्मनीत प्रकार उलटा. खाली उतरून कोणी भेटेल हे विसरा. मैत्री आया वहीत लिहून करतात: पुढच्या गुरुवारी तीन ते पाच, आमच्या घरी. पाच वाजता बेल वाजते म्हणजे वाजतेच, अगदी खेळ रंगात आलेला असताना. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटायचं. मग लक्षात आलं, माझ्या अबोल मुलाला हेच मानवतं. मैदानात दहा जणांत तो हरवतो. घरी एकच मूल आलं की तासाभरात दोघे पलंगाखाली किल्ला करून बसलेले.

आणखी एक प्रथा इथली आवडली. वाढदिवसाला जितकं वय तितकीच मुलं बोलवायची. सहावा असेल तर सहा. मुलाला बसून ठरवावं लागतं, कोण. रडारड होते. पण पन्नास मुलं, जादूगार आणि रिटर्न गिफ्टच्या पिशव्या यापेक्षा मला बरं वाटतं. ज्याला बोलावलं नाही त्यालाही कारण ठाऊक असतं, की जागाच सहा होत्या.

तर तुम्ही तिघींना एकत्र कशाला जिंकायला जाताय? एकीला घरी बोलवा. एकीलाच.

टेकडीवरचा | बुधवार, दुपारी ३:२२

पुण्यात दुपारी तीन ते पाच कोणाच्या घरी जायचं? लोक दार उघडायचे नाहीत.

स्लो_लोकल | बुधवार, रात्री ११:४५

उशिरा लिहितेय, मुलगा झोपल्यावर.

माझा मुलगा स्वमग्न आहे, अकरा वर्षांचा. त्याला मध्य रेल्वेच्या लोकलचं वेळापत्रक पाठ आहे. अगदी रविवारचा मेगाब्लॉकसुद्धा. लहानपणी मी वर दिलेत तसले सगळे उपाय केले. वाक्यं पाठ करून घेतली, "हॅलो, मी तुमच्यात येऊ का", "तुझं नाव काय". तो ती वाक्यं म्हणायचाही, चुकीच्या मुलासमोर, चुकीच्या वेळी, आणि मुलं हसायची. त्याला कळायचं नाही का हसतात. मला कळायचं. शेवटी एका बाईंनी (त्याच्या स्पीच थेरपिस्ट) मला विचारलं, मित्र त्याला हवाय की तुम्हाला? मी घरी येऊन खूप रडले, कारण खरं उत्तर माहीत होतं.

मग आम्ही उलटं सुरू केलं. त्याला जे आवडतं तिथे माणसं शोधायची. पहिला मित्र आमच्या इमारतीचे वॉचमन काका, वय साठ. ते कसाऱ्याहून यायचे, तेव्हा त्यांना गाड्यांची माहिती हवीच असायची! मग त्यांच्याकडून कळलं की बी विंगमध्ये एक मुलगा डब्यांची चित्रं काढतो. आता दोघे शनिवारी पुलावर उभे राहतात. तासभर. फारसं बोलत नाहीत. एक गाडीचं नाव सांगतो, दुसरा मान हलवतो. ही मैत्री नाही असं मला कोणी सांगून दाखवावं.

जाईचा_मांडव, तुमच्या मुलीला काय करायला आवडतं ते तुम्ही लिहिलंच नाहीये.

निळी_छत्री | गुरुवार, सकाळी ८:५०

स्लो_लोकल, तुमचा प्रश्न मी माझ्या पहिल्या प्रतिसादात विचारायला हवा होता. वाक्यं पाठ करून घेण्याबद्दलचंही मान्य.

तिखटमीठ | गुरुवार, दुपारी १२:३०

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझी मुलगी पासवर्ड ठेवणारी होती.

मला कळलं ते अपघाताने. चौथीत होती. वाढदिवसाच्या यादीत वर्गातल्या एकीचं नाव नव्हतं, आणि ती तर आमच्या खालच्या मजल्यावर राहते. विचारलं तर म्हणाली, "ती आमच्यात नसते." इतक्या सहज म्हणाली, जसं आपण म्हणतो, आम्ही वांगं खात नाही. मी आधी तिचीच बाजू घेतली होती, हे कबूल करते. मनात म्हटलं, असेल ती मुलगी चिकट, कटकटी. आपलं पोर हुशार, बोलकं, सगळ्यांना हवंहवंसं, याचा मला अभिमानच होता. त्या अभिमानाची दुसरी बाजू खालच्या मजल्यावर राहत होती.

मी तिला रागावले नाही. फक्त म्हटलं, "मी जिन्यात तिच्या आईला भेटणार, तिला काय सांगू ते तू मला सांग. मी तेच वाक्य बोलीन." तिने चार-पाच वाक्यं करून बघितली. एकही चालेना. शेवटी रडून सांगितलं की आधीच्या वर्षी हिलाच दुसऱ्या दोघींनी बाहेर ठेवलं होतं, आणि आता हिची जागा आत पक्की राहायची तर बाहेर कोणीतरी लागतं. आठ-नऊ वर्षांचं पोर हे सगळं एकटं सांभाळत होतं आणि आम्हाला वाटत होतं ती "सोशल" आहे.

वाढदिवसाला ती मुलगी आली. दोघी जिवलग वगैरे झाल्या नाहीत. पण लिफ्टमध्ये बोलतात.

मला त्या आईने येऊन सांगितलं असतं तर? खरं सांगते, राग आला असता. दोन दिवसांनी उतरला असता. मी ऐकलं असतं. पण "तुमची मुलगी माझ्या मुलीला छळते" म्हणाली असती तर दार लावलं असतं. "माझी मुलगी एकटी पडलीये, काय करू सुचत नाही" म्हणाली असती तर चहा ठेवला असता.

कोकमसरबत | गुरुवार, दुपारी १२:५१

तिखटमीठ, +१००. हे लिहायला धाडस लागतं.

तर्रीवाला | गुरुवार, दुपारी १:१५

मुलग्यांचं सोपं असते राजेहो. दोन ठोसे, एक वडापाव, संपलं.

ओसरी | गुरुवार, दुपारी १:४०

सोपं नसतं, आपण सांगत नाही इतकंच. वर कोकमसरबत यांचा मुलगा "फोन, फोन" दोन वर्षं गिळून बसला होताच की.

तर्रीवाला | गुरुवार, दुपारी १:५८

हे बी खरं. मीच सहावीत एका वर्षी डबा रोज संडासामागं एकटा खाल्ला. घरी आजतागायत माहीत नाही. इथं बरं निघालं तोंडातून.

जाईचा_मांडव | गुरुवार, रात्री १०:३०

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. तर्रीवाला दादा, तुमची ओळ वाचून थांबले होते थोडा वेळ.

दोन दिवस गॅलरीत गेले नाही. फार अवघड गेलं. काल झोपताना लेकीला विचारलं, पण "तुला का घेत नाहीत" असं नाही विचारलं. विचारलं, "त्या काय खेळतात गं?" तर अर्धा तास बोलत होती! लंगडी कशी, कोण चिडकं, कोणाचा नियम कुठला, सगळं. म्हणजे निळी_छत्री म्हणतात तशी ती नुसती खिन्न बसत नव्हती, निरखत होती. आणि मग बोलता बोलता म्हणाली, "पण त्या चुकीचं खेळतात. सांगलीत असं नसतं. मी त्यांना सांगते."

मी अंधारात हसू दाबलं. "रोज सांगतेस?" तर म्हणे, "हो, चुकलं की."

म्हणजे पहिले पंधरा दिवस ही त्यांना सांगलीचे नियम शिकवत होती! वर १९८१ च्या अभ्यासात लिहिलंय ते हेच, हरकत घेणं. नवऱ्याला सांगितलं तर तो जोरात हसला आणि म्हणाला, "गुण कुठून आले?" आल्यापासून मी रोज घरात म्हणतेय, सांगलीला दूध असं नव्हतं, सांगलीला भाजी अशी नव्हती, सांगलीला शेजारी असे नव्हते. माझी इथे एकही मैत्रीण नाही अजून. पायरीवर दोघी बसलोय.

तिला ते नियम सांगणं सोडायला सांगू का, हे कळत नाहीये. तिचं सांगली मी का काढून घेऊ?

मधली_सुट्टी | शुक्रवार, सकाळी ७:००

काढून घेऊ नका. "सांगलीत असं नसतं" याऐवजी "सांगलीचा एक खेळ दाखवू?" असं म्हणता येईल. पण पहिल्याच दिवशी नको. आधी आठ दिवस त्यांच्या नियमाने बाद होऊ दे.

निळी_छत्री | शुक्रवार, सकाळी ९:१५

गुरुजींनी माझ्या चार परिच्छेदांचं काम दोन ओळींत केलं. पण एक जपा: सगळा दोष हिच्या बोलण्याचा, असं तिला वाटू देऊ नका. रोज बदलणारा पासवर्ड आणि स्केचपेनची पेटी हे त्या तिघींचंच आहे. पेटी परत मागायचा तिला हक्क आहे, हे तिला ठाऊक असू द्या. मागेल की नाही ते तिचं ती ठरवेल.

ऱ्हाईनकाठ | शुक्रवार, दुपारी २:४०

आणि एकीला घरी बोलवा! कोणी ऐकतच नाही माझं.

उचापती | नऊ दिवसांनी, रविवार, सकाळी ११:००

धागा वर काढतोय. जाईचा_मांडव, पुढे काय झालं? मी कुरिअर होऊन दोन मीटिंगांत शिरलो, दोन्हीकडे काम गळ्यात पडलं.

जाईचा_मांडव | रविवार, रात्री ९:२०

हो, लिहायचं राहूनच गेलं.

लिफ्टवाल्या आईशी बोलले, पण मुलींबद्दल नाही. पहिलं वाक्य मी तिखटमीठ यांच्याकडून पाठ करून गेले होते आणि तोंडातून निघालं, "इथे ज्वारी कुठे दळून देतात?" ती म्हणाली, चला दाखवते. गिरणीपर्यंत चालत गेलो. ती मूळची पंढरपूरची निघाली, चार वर्षांपूर्वी आली तेव्हा सहा महिने कोणी बोलत नव्हतं म्हणाली. मुलींचा विषय तिनेच काढला, येताना. "आमचीला सांगितलंय मी, पण ऐकत नाही हो, डोक्यात हवा गेलीये तिघींच्या." मी म्हटलं, होईल. एवढंच.

तिच्या मुलीला मागच्या शनिवारी घरी बोलावलं. एकटीला. (ऱ्हाईनकाठ, ऐकलं बरं का!) पहिला अर्धा तास भयंकर गेला, दोघी दोन खुर्च्यांवर. मग सासूबाईंनी पत्ते काढले आणि पाच-तीन-दोन शिकवायला बसल्या. सासूबाई लबाडी करतात हे दोघींनी मिळून पकडलं. तिथे जमलं काहीतरी.

खाली मात्र अजून धड नाही. दोन दिवस घेतात, एक दिवस नाही. ज्या दिवशी घेत नाहीत त्या दिवशी आता ती पायरीवर बसत नाही. पलीकडच्या इमारतीतला पहिलीतला एक पोरगा आहे, त्याला सायकल शिकवते. तो पडला की त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडते. स्लो_लोकल, तुम्ही विचारलं होतंत ना तिला काय आवडतं. तिला शिकवायला आवडतं, आता कळलं.

स्केचपेनं परत आली नाहीत. तिने मागितली, त्यातली निळी आणि तपकिरी मिळाली.

आणि परवा धावत वर आली आणि म्हणाली, आई, आजचा पासवर्ड मी ठेवला. विचारलं काय? तर "भडंग". शनिवारी त्या मुलीला खायला दिलं होतं ते तिने बाकीच्या दोघींना सांगितलं, आणि आता तिघींना सांगलीचं भडंग हवंय.

टेकडीवरचा | रविवार, रात्री ९:३१

म्हणजे शेवटी खाऊ देऊनच प्रवेश! चॉकलेटाला काय वाईट होतं मग?

निळी_छत्री | रविवार, रात्री ९:४०

फरक आहे. चॉकलेटं ही आपणहून नेणार होती. भडंग त्यांनी मागितलंय.

टेकडीवरचा | रविवार, रात्री ९:४४

मागून घेतात त्याला खंडणी म्हणतात आमच्याकडे.

तिखटमीठ | रविवार, रात्री ९:५८

खाली नेऊन वाटू नका, वर बोलवा तिघींना. ताट एक ठेवा, चौघींत. आणि मग तिथून बाजूला व्हा.

नातवंडांची_गुलाम | सोमवार, सकाळी ६:०२

तो सायकलवाला पोरगा पाचवा. त्यालाही बोलवा गं. बोळात उभा राहायला नको.

जाईचा_मांडव | सोमवार, सकाळी ७:१५

बोलावते काकू. पाच जण म्हणजे किलोभर चुरमुरे तरी लागतील ना? इथे सांगलीसारखे मिळत

बरं, ते वाक्य पूर्ण करत नाही.

तर्रीवाला | सोमवार, सकाळी ७:२२

किलोभर फार होतात, अर्धा किलो बस. लसूण सालासकट ठेचायचा की सोलून, ते सांगा आधी.

कोकमसरबत | सोमवार, सकाळी ७:३०

सालासकट! याच्यावर वाद नको.

उचापती | सोमवार, सकाळी ७:३१

वेगळा धागा काढा. मी सोलून गटात आहे.